गुरांसाठी लावलेले फाटक

आमच्या वसाहतीला लागून एक सार्वजनिक उद्यान आहे. उद्यान फार मोठे नाही. पण त्याच्या कडेने फिरावयास येणाऱ्यांसाठी बांधलेली वाट चांगली रुंद, सपाट आणि सावलीची आहे. या वाटेच्या तोंडाशी लोखंडी नळ्यांचा एक अडसर उभा आहे. नळ्या अशा बेताने रोवल्या आहेत की, आत शिरणाऱ्याने एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे अंग वळवावे, पोट असल्यास ते थोडे आत घ्यावे, आणि मगच वाटेवर पाऊल ठेवावे. दिल्लीत अशी प्रवेशद्वारे जागोजाग आढळतात. रोज सकाळचे हे अंग वळवणे आमच्या इतके अंगवळणी पडले होते की, तेथे काही अडसर आहे याची जाणीवच आम्हांस उरली नव्हती.

ती जाणीव आमचे शेजारी आप्पा यांनी करून दिली. आप्पा केंद्र सरकारच्याच नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय नीट उचलला जात नाही. वीस पावले चालले की त्यांना थांबावे लागते. त्यांच्या चिरंजीवांनी त्यांना एक तीनचाकी सायकल आणून दिली, आणि ज्या गृहस्थांना अंगणापर्यंत येणे जड जात होते, ते सायकलीवर बसून वसाहतीला तीन-तीन प्रदक्षिणा घालू लागले. एके दिवशी त्यांनी बागेत जाण्याचे ठरवले व आम्ही सोबत निघालो. सायकलीचे पुढचे चाक नळ्यांतून आत गेले. मागची दोन बाहेर राहिली. माळी धावत आला आणि त्याने खुलासा केला की, हा सारा बंदोबस्त स्कूटरवाल्यांसाठी आहे, ते आत घुसून धुमाकूळ घालतात. आप्पांनी क्षणभर नळ्यांकडे पाहिले व ते म्हणाले, "म्हणजे माझी गणना स्कूटरींत झाली म्हणायची!" ते हसले, आम्हीही हसलो. सायकल मागे ओढून काढली. त्यानंतर कित्येक दिवस आप्पा बागेकडे फिरकले नाहीत.

कोणत्याही गोष्टीमागे कोठे तरी एखादा आदेश असतोच, ही आम्हा कारकुनांची श्रद्धा. तेव्हा या नळ्यांमागे कोणता आदेश आहे, तो प्रथम कोणी काढला आणि कोणाला अडवण्यासाठी काढला, याचा माग घेण्याची इच्छा आम्हांस झाली. आमच्या बागेपुरता तो माग चार दिवसांतच बुजला. पण त्या निमित्ताने जी चाळवाचाळव झाली, तिच्यातून वाटेवरच्या अडसराचा एक लांबलचक इतिहास हाती लागला. तो बहुतांशी इंग्लंडचा आहे. वाटेवरचा अडसर जगात सर्वत्र असला, तरी त्याला नाव, माप आणि कायद्याचे कलम देण्याचे काम इंग्रजांनी जितक्या चिकाटीने केले तितके क्वचितच कोणी केले असेल.

इंग्लंडच्या खेड्यांत शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा फार पुरातन आहेत. देवळाकडे, गिरणीकडे, शेजारच्या गावच्या बाजाराकडे लोक ज्या वाटांनी पिढ्यान् पिढ्या गेले, त्या वाटांवर जनतेचा हक्क निर्माण झाला, आणि 'एकदा मार्ग तो सदैव मार्ग' असे सूत्र तेथील न्यायालयांनी मान्य केले. जमीन मालकाची, पण तीवरून चालत जाण्याचा हक्क सर्वांचा. पुढे कुंपणांचे युग आले. १६०४ ते १९१४ या काळात तेथील पार्लमेंटने जमिनींना कुंपण घालण्यास मान्यता देणारे सुमारे ५,२०० कायदे केले, आणि त्यांखाली ६८ लक्ष एकर जमीन आली. म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा अदमासे पाचवा हिस्सा. ज्या मोकळ्या माळांवर गावाची गुरे चरत होती, तेथे बांध आले, काटेरी झुडुपांच्या वया आल्या, दगडी गडगे आले. असंख्य वाटा या काळात बंद झाल्या वा वळवल्या गेल्या. ज्या उरल्या त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. वाट जनतेची आणि कुंपण मालकाचे. दोन्ही एकाच ठिकाणी कशी नांदावीत?

याचे उत्तर इंग्रज शेतकऱ्यापाशी पूर्वीपासूनच होते. कुंपणावरून चढून पलीकडे उतरता यावे म्हणून दोन-तीन फळ्या वा दगड आडवे बसवायचे. याला ते 'स्टाइल' म्हणतात. हा शब्द त्यांच्या भाषेत फार जुना असून 'चढणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे; फॅशनच्या 'स्टाइल'शी त्याचे काही नाते नाही. दुसरी युक्ती त्याहून चतुर. अर्धवर्तुळाकार वा कोनाकृती कोंडाळे करून त्यात एक लहान फाटक टांगायचे. माणसाने आत शिरावे, कोपऱ्यात उभे राहावे, फाटक आपल्याभोवती फिरवून घ्यावे आणि पलीकडे पडावे. या फाटकाला 'किसिंग गेट' असे नाव आहे. फाटकाची कड दोन्ही बाजूंच्या खांबांना ओझरती टेकते म्हणून ते नाव पडले, असे जाणकार सांगतात. तरुण-तरुणींनी त्याचा निराळा अर्थ लावला, हे सांगावयास नको.

या दोन्ही योजनांचे कौतुक करावे तितके थोडे आहे. कारण अडवायचे कोणाला हे त्यांना नेमके ठाऊक होते. गाय अर्धवर्तुळात वळू शकत नाही, मेंढी फळीवर चढत नाही. चार पाय असतील त्याने अलीकडे राहावे, दोन पाय असतील त्याने खुशाल जावे. आमच्या कोकणातही हेच तत्त्व आहे. दोन उभ्या खांबांच्या भोकांतून आडवे बांबू सरकवून केलेले बेडे ज्याने पाहिले आहे, त्याला हे समजावून देण्याची गरज नाही. बांबू सरकवावा, आत जावे, पुन्हा सरकवून ठेवावा. गुरांना हात नसतात, एवढ्या एका गृहीतावर ती सारी रचना उभी आहे.

परंतु दुसरेही एक गृहीत या योजनांच्या पोटात दडून बसले होते, ते शतकानुशतके कोणाच्या ध्यानात आले नाही. ते असे की, वाटेने येणाऱ्याचे दोन्ही पाय धड आहेत, गुडघे वाकतात आणि हातांत ओझे नाही. म्हातारी, गर्भवती, लंगडा, कडेवर मूल असलेली बाई यांनी काय करावे, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. ती माणसे होतीच; पण ती एक तर घरी बसत, नाही तर कोणाच्या तरी हाताला धरून कशीबशी पलीकडे जात.

इंग्रजी कायद्याला मात्र एका बाबतीत श्रेय दिले पाहिजे. वाटेवरचा अडसर हा त्याने नियम म्हणून कधी स्वीकारला नाही. अपवाद म्हणूनच सहन केला. आज तेथे चालू असलेल्या १९८० च्या महामार्ग कायद्यातील दोन कलमे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. कलम १४६ म्हणते की, पायवाटेवरील स्टाइल वा फाटक सुस्थितीत ठेवणे हे जमीनमालकाचे काम आहे, आणि त्याचा निदान एक-चतुर्थांश खर्च स्थानिक अधिकाऱ्याने द्यावा. कलम १४७ म्हणते की, नवे फाटक बसवायचे तर परवानगी घ्यावी. आणि ती परवानगी शेती, वनसंवर्धन वा घोडेपालन यांसाठी, जनावरांचे येणे-जाणे रोखण्याच्या कारणासाठीच मिळेल. जनावरांचे! मोटारसायकलींचा त्या कलमात उल्लेख नाही. आमच्यासारख्या कलमे वाचून पोट भरणाऱ्यांना ही जागा फार अर्थपूर्ण वाटते. कारण पुढे जे हजारो लोखंडी अडसर उभे राहिले, ते उभे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकही गाय नव्हती.

त्या भागाकडे वळण्यापूर्वी पायी चालणाऱ्यांच्या चळवळीविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर व आसपासचे काहीशे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर मालकांचा मनाईहुकूम मोडून चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. सत्याग्रहाचे नाव त्यांनी घेतले नाही. पण सविनय कायदेभंग ज्यांच्या घरात बोलला गेला अशा आम्हा मराठी माणसांना तो प्रकार परका वाटणार नाही. या चळवळीच्या रेट्यामुळे पुढे १९४९ चा कायदा झाला, त्यान्वये प्रत्येक जिल्ह्याच्या पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे ठरले. आणि १९६५ साली पेनाइन वे ही २६८ मैलांची डोंगरवाट खुली झाली. या वाटेवर एका पाहणीनुसार २८७ फाटके, लाकडी स्टाइल २४९ आणि दगडी स्टाइल १८३ आहेत. म्हणजे चारशेहून अधिक वेळा चढायचे आणि उतरायचे! ज्यांनी हा हक्क लढून मिळवला ते धट्टेकट्टे तरुण होते. मालकाचा पहारेकरी त्यांना शत्रू वाटे. स्टाइल त्यांना सखा वाटे, कारण ती आपल्या हक्काची खूण होती. ज्याला ती चढता येत नाही त्याच्या दृष्टीने पहारेकरी आणि स्टाइल यांत फरक एवढाच की, पहारेकऱ्याशी निदान वाद घालता येतो. हे त्या चळवळीला दूषण नव्हे. पण हक्काची लढाई जिंकणारेही वाट आपल्याच मापाने मोजतात, एवढे येथे दिसते.

सायकलीचा संसार याहून निराळा. १८८८ च्या एका कायद्याने इंग्लंडात सायकल ही 'गाडी' ठरली. त्यामुळे तिला रस्त्यावर मान मिळाला, पण पायवाटा तिला बंद झाल्या. सायकलस्वारांचा संघ त्यापूर्वी, १८७८ सालीच, स्थापन झाला होता आणि तो मोठा जागरूक होता. १९३४ च्या डिसेंबरात लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका प्रथम उघडण्यात आली, तेव्हा या संघाने आनंद मानण्याऐवजी विरोधच केला. आज कडेला बसवतील आणि उद्या रस्त्यावरून हाकलतील, अशी त्यांची शंका होती. पुढे १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलींना मुभा मिळाली. अट एवढीच की, पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी.

यानंतर जे घडले त्याचे मूळ रेल्वेत आहे. १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला व हजारो मैलांचे तोट्यातील लोहमार्ग बंद करण्याची शिफारस झाली. रूळ उखडले गेले. भराव, पूल आणि बोगदे तसेच राहिले. ब्रिस्टल गावच्या काही उत्साही मंडळींनी १९७७ साली एक गट स्थापून, ब्रिस्टल ते बाथ या १३ मैलांच्या बंद लोहमार्गावर सायकल व पायी चालणाऱ्यांसाठी वाट बांधावयास घेतली. १९७९ ते १९८६ या काळात ती स्वयंसेवकांच्या श्रमांतून तयार झाली. या गटातूनच सस्ट्रान्स ही संस्था उभी राहिली, आणि १९९५ साली लॉटरीच्या निधीतून ४ कोटी ३५ लक्ष पौंड मिळाल्यावर तिने राष्ट्रीय सायकल जाळे विणण्याचे काम अंगावर घेतले. लोहमार्गाइतकी सायकलीला सोयीची वाट नाही. कारण आगगाडीला चढ सोसत नाही, आणि म्हाताऱ्या गुडघ्यांनाही सोसत नाही. ज्यांना चारशे स्टाइल चढता येत नव्हत्या, त्यांच्यासाठी ही जणू दैवानेच बांधून ठेवलेली वाट होती.

आणि नेमक्या याच वाटांच्या तोंडाशी अडसर उभे राहिले.

कारण साधे होते. सपाट, सरळ, पोलिसांच्या नजरेआड असलेली वाट मोटारसायकली पिटाळणाऱ्या पोरांनाही आवडते. शेजारच्या रहिवाशांनी तक्रार केली, जमीनमालकांनी अट घातली, नगरपालिकेने लोहारास बोलावले. ठिकठिकाणी निरनिराळ्या तऱ्हा निघाल्या. एक तऱ्हा म्हणजे एकाआड एक उभी केलेली दोन कठडी, त्यांतून नागमोडी जायचे; आमच्या बागेतील नळ्या या कुळातल्या. दुसरी तऱ्हा म्हणजे इंग्रजी 'ए' अक्षरासारखी चौकट: खाली पाय जाण्यापुरती रुंद, वर सायकलीच्या दांड्याच्या उंचीवर आवळलेली. कल्पना अशी की, मोटारसायकलीचा दांडा रुंद असतो, तो अडकेल. अडकतो तो कोणाचा? ज्याची मोटारसायकल आहे ते पोर तरुण आणि बळकट असते. ते गाडी तिरपी करून काढते, मित्राच्या मदतीने उचलते, नाही तर शेजारच्या कुंपणाची एक फळी मोडून त्यातून जाते. अडकते ती चाकांची खुर्ची, जुळ्या मुलांची बाबागाडी, सामानाची सायकल, मागे मूल बसवलेली सायकल, दोघांनी मिळून चालवावयाची सायकल (अंध माणसाला मागच्या बैठकीवर बसून जाता येते अशी), आणि आमच्या आप्पांच्या सायकलीसारख्या तीनचाक्या. ज्याला अडवावयाचे तो जातो आणि ज्याच्यासाठी वाट बांधली तो राहतो, असा हा उफराटा न्याय.

या अडसरांच्या जोडीला एक पाटी असे: 'सायकलवरून उतरा.' पाटी लिहिणाऱ्याच्या मनात सायकलस्वार म्हणजे चालू शकणारा, पण हौसेने सायकलीवर बसलेला मनुष्य. लंडनमध्ये २००७ साली स्थापन झालेली 'व्हील्स फॉर वेलबीइंग' नावाची संस्था अपंग सायकलस्वारांसाठी काम करते. तिने ही समजूत किती अपुरी आहे ते वारंवार दाखवून दिले. अनेक अपंगांना चालण्यापेक्षा सायकल चालवणे सोपे जाते. त्यांची सायकल हीच त्यांची काठी असते. अशा माणसाला 'उतरा' म्हणणे म्हणजे कुबड्या बाजूला ठेवून चाला असे म्हणणे. आप्पांची सायकल अडकली त्या सकाळी माळ्यानेही त्यांना तेच सुचवले होते. आपण उतरून चालत आत यावे, सायकल मी उचलून देतो. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

सस्ट्रान्सचा एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. तिने आपल्याच कामाची झडती घेतली आणि ती प्रसिद्ध केली. २०१८ च्या नोव्हेंबरात निघालेल्या तिच्या अहवालात सुमारे १६,५०० मैलांच्या जाळ्यावर १६,००० हून अधिक अडसर मोजण्यात आले. सरासरीने मैलाला एक! हे सर्व काढून टाकावेत अथवा बदलावेत, असा संकल्प तिने त्याच अहवालात जाहीर केला. आपल्या दहा-वीस वर्षांच्या कामात १६,००० चुका आहेत असे स्वतःच्या सहीने लिहून देणारी कचेरी आम्ही अजून पाहिलेली नाही. आमच्याकडे अशा ठिकाणी 'काही त्रुटी निदर्शनास आल्या' एवढ्यावर भागते.

त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, इंग्लंडच्या परिवहन खात्याने सायकलमार्गांच्या रचनेविषयी नवी सूचनापुस्तिका काढली. तिने नागमोडी कठडी आणि उतरण्याच्या पाट्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. मार्ग आखताना डोळ्यांपुढे ठेवावयाची सायकलही तिने ठरवून दिली: २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद. आतापर्यंत मापाची सायकल म्हणजे धडधाकट पुरुषाची दुचाकी. आता तीनचाकीवरच्या, मागे गाडा जोडलेल्या माणसाच्या अंगाचे माप घेतले गेले. मोटारी अडवण्यासाठी खांब रोवणे अगदीच भाग पडले, तर दोन खांबांत १.५ मीटर मोकळी जागा ठेवावी, असे तिचे म्हणणे. मोटार तेवढ्यातून जात नाही, बाकी सारे जाते. मोटारसायकलही जाते, हे उघड आहे. तिचा बंदोबस्त लोखंडाने नव्हे, पोलिसाने करावा असा याचा इत्यर्थ. शेतांमधल्या वाटांसाठी जे ब्रिटिश प्रमाण आहे त्यातही हाच क्रम सांगितला आहे: आधी मोकळी फट पाहा, ती शक्य नसेल तर साधे फाटक, त्यानंतर किसिंग गेट. २०१८ च्या आवृत्तीत स्टाइलला नव्या कामात जागा उरलेली नाही.

मधल्या काळात एक तोडगा निघाला होता, त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. अपंगांसाठी राखून ठेवलेली सार्वजनिक शौचगृहे उघडण्यासाठी १९८१ पासून ब्रिटनमध्ये एक सामायिक किल्ली चालते. तीच किल्ली काही ठिकाणी मोठ्या किसिंग गेटना लावण्यात आली. चालणारा नुसता जातो. चाकांच्या खुर्चीतल्याने किल्ली काढायची, कुलूप गाठायचे, फाटक ओढायचे, आत जायचे, पुन्हा लावायचे. सोय झाली हे नाकारता येत नाही. पण सार्वजनिक वाटेवर कोणाला पाऊल टाकण्यासाठी किल्ली लागते आणि कोणाला लागत नाही, ही विभागणी तिने पक्की केली. आमच्या कचेऱ्यांत ज्याला 'विशेष बाब म्हणून परवानगी' म्हणतात, त्याच जातीची ही सोय. ज्याने कधी अशी परवानगी मागितली असेल त्याला तिची चव ठाऊक असेल.

खांबांचा आणखी एक धडा हॉलंडने शिकवला. तेथे सायकलमार्गांच्या तोंडाशी मोटारी शिरू नयेत म्हणून वाटेच्या मधोमध खांब रोवण्याची रीत होती. त्या खांबांवर आदळून इतके सायकलस्वार, विशेषतः वृद्ध, जखमी होऊ लागले की, अनावश्यक खांब उपटून काढण्याची मोहीमच तेथील तज्ज्ञांनी घेतली. अडसर नुसता अडवत नाही, पाडतोही.

आता आपल्याकडे यावे. महाराष्ट्रात हा विषय नवा नाही; फक्त त्याचे नाव 'पाणंद' आहे. दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी ती अरुंद वाट, गावच्या नकाशावर तुटक रेषेने दाखवलेली, आणि दरवर्षी नांगराच्या एका फाळाने थोडी थोडी आत ढकलली जाणारी. कोणी बांध घातला, कोणी काट्याच्या फांद्या टाकल्या, कोणी चर खणला की वाट अडली. यावर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ ची योजना आहे. वहिवाटीच्या रस्त्यावरील अडथळा काढून टाकण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला पाहिजे. या मुदतीविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. सहा महिने गावात तडजोडीच्या बैठकांतच जातात. पण कायद्याचा गाभा पाहा. वाट अडली हीच तक्रार, अडथळा दूर करणे हाच उपाय, आणि त्यासाठी एक ठरावीक अधिकारी. बैलगाडी अडली तर कोणाकडे जावे हे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबई इलाख्यात ठाऊक होते.

शहरातल्या वाटेवर सायकल अडली तर कोणाकडे जावे, याचे उत्तर तितके सरळ नाही. करोलबाग आणि गोलमार्केटकडून सचिवालयाकडे कारकुनांच्या सायकलींचे थवे निघत, हे येथील जुन्या मराठी मंडळींकडून आम्ही पुष्कळ ऐकले आहे. त्या थव्यांना वेगळी वाट नव्हती, त्यामुळे अडसरही नव्हता. पुढे वेगळ्या वाटा आल्या. दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा जलद बसमार्ग झाला, त्याच्या कडेने सायकलींची मार्गिका होती. तीत मोटारसायकली घुसू लागल्या. तो सारा मार्गच २०१६ साली मोडण्यात आला, तेव्हा तो वाद तेथेच संपला. पदपथांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक पुस्तिका होती, निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे ती सांगत असे. पदपथावर चढणाऱ्या मोटारसायकलींना अडवण्यासाठी त्याच पदपथाच्या तोंडाशी जे खांब रोवले जातात, ते किती अंतरावर आहेत हे मोजणारा मनुष्य मात्र आम्हांस अद्याप भेटला नाही.

२०१६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम झाला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याखालील नियमांत सुगम्यतेची मापे होती. पण ती पाळावीत की न पाळावीत याविषयी भाषा मोघम होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात त्यातील १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची किमान मापे ही शिफारस नसून बंधन असली पाहिजेत, आणि ती तीन महिन्यांत ठरवावीत, असे न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले. 'असावे' आणि 'असलेच पाहिजे' यांत किती अंतर असते ते मसुदे तयार करणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. आमच्या आयुष्यातील कित्येक दुपारी त्या एका शब्दाच्या बदलात गेल्या आहेत.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा आमच्या नळ्यांकडे वळलो. एका रविवारी मोजपट्टी घेऊन गेलो. दोन नळ्यांतील फट भरली १ फूट १० इंच. आप्पांच्या सायकलीची मागची रुंदी २ फूट ६ इंच. संबंधित कचेरीत विचारता, या नळ्या कधी बसवल्या याची नोंद सापडली नाही. बसवण्यास कोणाचा आदेश होता तेही कळले नाही. काढण्यास मात्र आदेश लागेल, असे तेथील गृहस्थांनी आम्हांस सौजन्याने सांगितले. आम्ही त्यांच्या जागी असतो तर बहुधा हेच सांगितले असते, आणि म्हणूनच आम्हांस त्यांच्यावर रागावता आले नाही.

अर्ज लिहून आम्ही तो सहीसाठी आप्पांकडे नेला. अर्जात आम्ही 'अडसर योग्य प्रकारे रुंद करण्यात यावा' असे लिहिले होते. आप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. तीस वर्षांच्या नोकरीची सवय. पेन मागितले आणि 'योग्य प्रकारे' हे शब्द खोडले.

"हे ठेवलंत तर दोन इंच रुंद करतील आणि फाइल बंद करतील," ते म्हणाले. "आकडा घाला."

"किती घालू?"

"त्या इंग्रजांनी किती म्हटलंय म्हणालात?"

"दीड मीटर. म्हणजे जवळजवळ पाच फूट."

"मग तेच लिहा. आणि खाली लिहा की अर्जदार स्कूटर नाही."

शेवटचे वाक्य आम्ही लिहिले नाही. दीड मीटर लिहिले. अर्जाला आवक क्रमांक पडला आहे.